दोन काचा, चिमूटभर सिलिका, तीन व्होल्ट: विजेवर रंग बदलणारा घट कसा बनवायचा

शेवटचं धुणं झालं की नळी सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून) काढा, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाका, दोन-चार थेंब मागे राहू द्या आणि नळी खिडकीच्या उजेडात धरा. तळाशी घट्ट बसलेला गाळ पांढराच असेल, खडू उगाळल्यासारखा. बघायचं ते त्याच्या वरच्या काठाकडे, जिथे गाळ सैल होऊन उरलेल्या पाण्यात मिसळायला लागलाय. तिथे एक बारीक हिरवट पट्टी दिसते. नळी जरा तिरकी केली की ती निळ्याकडे झुकते. आत रंगद्रव्याचा कणही नाही. आहे ती फक्त सिलिका, म्हणजे वाळूचीच रासायनिक भावकी, आणि स्वच्छ पाणी.

ही पट्टी दिसली की पुढचं काम जमतं. दिसली नाही तर कितीही महागडा पॉवर सप्लाय आणा, रंग हलणार नाही. या विषयावर मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच: विजेवर रंग बदलण्याचं गुपित विजेच्या उपकरणात कमी आणि धुण्यात जास्त आहे. का, ते सांगतो.

आपण बनवणार आहोत तो घट म्हणजे दोन पारदर्शक वीजवाहक काचा आणि त्यांच्या मधे केसाच्या जाडीइतका द्रवाचा थर. शून्य व्होल्टला तो नारिंगी दिसतो. व्होल्टेज वाढवत नेलं की पिवळा, मग हिरवा, आणि तीन व्होल्टच्या आसपास निळा. हे काम कॉलेजच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेत, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात करायचं. घरी अजिबात नको. यातलं टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट) नावाचं द्रव, ज्यापासून सिलिका बनते, ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतं, तीव्र अमोनियाचा झोत नाकात गेला तर जीव घाबरा होतो, आणि शेजारी शंभर मिलिलिटर इथेनॉल असतं, जे ठिणगीची वाटच बघत असतं. चष्मा, नायट्राइल हातमोजे आणि हूड या तिन्हींशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका.

रंग येतो कुठून

शाळेत आपण कलिल शिकलो: दूध, शाई, धुकं. द्रवात किंवा हवेत तरंगणारे इतके बारीक कण की ते तळाशी बसत नाहीत. हे कण जर सगळे एकाच मापाचे गोळे असतील आणि प्रत्येकावर सारखाच विद्युतभार असेल, तर ते एकमेकांना ढकलत राहतात. जागा मर्यादित, ढकलणं सगळ्या बाजूंनी सारखं, त्यामुळे ते आपोआप रांगा लावतात. रांगांचे थर होतात, थरांवर थर बसतात आणि द्रवाच्या आतच स्फटिक तयार होतो. त्याला कलिल-स्फटिक म्हणतात, आणि प्रकाशाला तो निवडून परत पाठवतो म्हणून फोटॉनिक स्फटिक.

सरळ वरून बघितल्यावर कुठला रंग परत येईल, याचा हिशेब एका ओळीचा आहे:

परावर्तित तरंगलांबी = २ × थरांमधलं अंतर × सरासरी अपवर्तनांक

एका थरावरून परतलेली लाट आणि खालच्या थरावरून परतलेली लाट एकाच तालात आली की तो रंग झळकतो. बाकीचे रंग पुढे निघून जातात. तिरकं बघितलं की ताल जमणारी तरंगलांबी कमी होते, म्हणून नळी कलती केल्यावर हिरव्याचं निळं होतं.

निसर्गात ही युक्ती जुनीच. मोरपिसाच्या तंतूत मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. निळ्या भागात त्या कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. पदार्थ तोच, फक्त अंतर बदललंय. ओपल रत्नावर सर सी. व्ही. रामन आणि ए. जयरामन यांनी १९५३ मध्ये काम केलं होतं. पुढे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की ओपलमध्ये सिलिकाचे एकसारखे गोळे रचून ठेवल्यासारखे बसलेले आहेत. ओपल दगड असल्यामुळे त्याचं अंतर कायमचं गोठलेलं. सरड्याचं तसं नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पँथर शॅमेलियन आपल्या त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त करून हिरव्याचा पिवळा होतो. आपल्याला ओपलचा गोळा घ्यायचाय आणि सरड्याची चाल शिकायचीय. सरडा जे पेशींकडून करवून घेतो ते आपण विजेकडून करवून घेणार.

वीज काय करते

सिलिकाच्या गोळ्याच्या पृष्ठभागावरून द्रवात प्रोटॉन सुटतात आणि गोळ्यावर ऋण भार उरतो. घटाच्या एका काचेला धन टोक जोडलं की गोळे तिच्याकडे सरकतात. जत्रेत मंदिराच्या दाराशी जशी गर्दी दाटते तशी धन काचेजवळ दाटी होते. मात्र गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, कारण ढकलणं चालूच असतं. रांगा तशाच राहतात, फक्त जवळ येतात. अंतर कमी झालं की तरंगलांबी कमी, म्हणजे रंग निळ्याकडे. व्होल्टेज काढलं की आपसातल्या ढकलण्यानेच गर्दी पांगते आणि नारिंगी परत येतो.

हे आकड्यांत बघू. गोळा १४० नॅनोमीटरचा धरा, द्रव प्रॉपिलीन कार्बोनेट, ज्याचा अपवर्तनांक १.४२ आणि सिलिकाचा १.४५. द्रवाच्या आकारमानात गोळ्यांचा वाटा १२ टक्के असेल तर थरांमधलं अंतर साधारण २१० नॅनोमीटर येतं आणि परावर्तन ६०० नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे नारिंगी. दाटी २० टक्के झाली की अंतर १७७ आणि परावर्तन ५०५, हिरवा. २५ टक्क्यांना अंतर १६४ आणि परावर्तन ४७०, निळा. नारिंगीपासून निळ्यापर्यंतचा सगळा प्रवास ४६ नॅनोमीटरचा.

आता धुण्याचं कारण. १२ टक्क्यांच्या स्फटिकात शेजारच्या दोन गोळ्यांच्या पृष्ठभागांमध्ये सुमारे ११५ नॅनोमीटरची मोकळी जागा असते. गोळ्यांनी एकमेकांना ढकलायचं तर भाराचा प्रभाव इतक्या अंतरावर पोचला पाहिजे. द्रवात क्षार असले की त्यांचे आयन गोळ्याभोवती घोळका करून भार झाकून टाकतात. पाण्यात लिटरमागे एक मिलिमोल साधं मीठ असलं तर हा पल्ला जेमतेम १० नॅनोमीटर उरतो. त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रोमोल असलं तर तो १०० नॅनोमीटरच्या जवळ जातो. लिटरभर पाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त मीठ, इतकीच सूट आहे आपल्याला. अमोनियाचा उरलेला अंश, नळाच्या पाण्याचा एक थेंब, बोटाचा घाम, यातलं काहीही तेवढं मीठ आणू शकतं.

पहिली पायरी: एकाच मापाचे गोळे

कृती १९६८ ची आहे, श्टोबर, फिंक आणि बोन यांची, आणि अजून तीच वापरली जाते. २५० मिलिलिटरच्या स्वच्छ फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल, २ मिलिलिटर डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेलं) पाणी आणि ५ मिलिलिटर अमोनियाचं द्रावण (२८ टक्के) घ्या. मॅग्नेटिक स्टररवर दहा मिनिटं ढवळू द्या. मग ६ मिलिलिटर टीईओएस एकदम, एका दमात ओता. थेंबथेंब टाकलं तर काही गोळे आधी जन्मतात, काही मागून, आणि मापं वेगवेगळी होतात. ओतल्यावर काही वेळ काहीच होत नाही. मग द्रवाला निळसर धुरकट छटा येते, आणि बघता बघता ते दुधाळ होतं. झाकण लावून रात्रभर ढवळत ठेवा. दीड ग्रॅमच्या आसपास सिलिका मिळते.

२५ अंश तापमानाला या प्रमाणात गोळे १२० ते १६० नॅनोमीटरमध्ये यायला हवेत. तापमान वाढलं की गोळे लहान होतात. पुण्यात मे महिन्यात आणि डिसेंबरात हीच कृती वेगळी मापं देते, म्हणून फ्लास्क पाण्याच्या बाथमध्ये ठेवा आणि तापमान वहीत लिहा. अमोनियाची बाटली जुनी असेल तर तिची ताकद उतरलेली असते, नवी उघडा. आपल्याकडे २५ टक्क्यांचीही मिळते. ती वापरलीत तर माप थोडं बदलेल हे गृहीत धरा. मोठे गोळे हवे असतील तर पाणी अर्धा-अर्धा मिलिलिटर वाढवून बघा.

मापापेक्षाही एकसारखेपणा महत्त्वाचा. मापांमधला फरक पाच-सहा टक्क्यांच्या आत असावा. त्याच्या वर गेला की रांगा विस्कटतात. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली (SEM) शंभर गोळे मोजणं हा खात्रीचा मार्ग. विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप काढणारं डीएलएस यंत्र जरा मोठं माप दाखवतं, कारण ते गोळ्याबरोबर ओढला जाणारा द्रवाचा थरही धरतं.

इथे एक गोष्ट नवशिक्यांना घाबरवते. काचेवर थेंब वाळवला तर रंग दिसत नाही, नुसता पांढरा डाग उरतो. गोळे खराब झाले असं वाटतं. तसं नसतं. वाळल्यावर १४० नॅनोमीटरचे गोळे एकमेकांना टेकतात, थरांमधलं अंतर ११४ नॅनोमीटरवर येतं आणि परावर्तन ३१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अतिनीलमध्ये जातं. डोळ्याला ते दिसणार कसं? ओला असताना रंग आणि वाळल्यावर पांढरा, हीच खूण आहे की ओल्या स्फटिकातलं अंतर भाराने तोलून धरलेलं होतं.

दुसरी पायरी: धुणं

दुधाळ द्रव सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांमध्ये सारखं वाटून घ्या. समोरासमोरच्या नळ्या वजनाने सारख्या करा, डोळ्याने नाही, काट्यावर. मिनिटाला ८,००० फेरे, वीस मिनिटं. वरचं इथेनॉल-अमोनिया वेगळ्या कचरा-बाटलीत, बेसिनमध्ये नाही. तळाच्या गाळावर ताजं इथेनॉल घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा. गाळ पूर्ण सुटेपर्यंत ठेवायचं. एक गुठळी राहिली तरी ती पुढे स्फटिकात भेग पाडते. असं इथेनॉलने तीनदा, मग डीआयोनाइज्ड पाण्याने तीनदा.

पाण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला एक बदल जाणवतो: गाळ बसायला कुरकुर करतो, वरचं पाणी पूर्ण नितळ होत नाही. हे चांगलं लक्षण आहे. आयन कमी झाले, गोळे एकमेकांना दुरून ढकलायला लागले, म्हणून ते दाटून बसायला तयार नाहीत. घाई करून फेरे वाढवू नका, वेळ वाढवा. सुरुवातीला सांगितलेली हिरवी पट्टी इथेच दिसते.

त्यानंतर प्लास्टिकच्या बाटलीत हे द्रव ओतून त्यात मिक्स्ड-बेड आयन-एक्स्चेंज रेझिनचे (पाण्यातले आयन धरून ठेवणारे) मणी टाका, द्रवाच्या साधारण दहाव्या भागाइतके. मणी आधी डीआयोनाइज्ड पाण्याने स्वच्छ धुतलेले हवेत. बाटली हळूहळू फिरत राहील अशी ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात धरलीत तर आत बारीक चमचमणारे ठिपके दिसतात, जरीच्या काठासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटा स्फटिक. हलवलं की सगळे मोडतात, क्षणभर दूध दिसतं, आणि बाटली टेबलावर ठेवल्यावर ते पुन्हा उगवतात. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दर वेळी हातातलं काम थांबतं.

बाटली प्लास्टिकचीच का? साध्या सोडा-काचेतून सोडियम हळूहळू पाण्यात उतरतं. माझा एक उत्तम नमुना काचेच्या बाटलीत आठवडाभर राहिला आणि पांढराफटक झाला. ताजं रेझिन टाकून रात्रभर ठेवल्यावर रंग परत आला, पण तो आठवडा गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात विरघळून आयन देतो, म्हणून बाटली काठोकाठ भरा आणि झाकणावर पॅराफिल्म गुंडाळा.

क्वचित असं होतं की सगळं स्वच्छ आहे तरी ठिपके येत नाहीत. सिलिका खूपच शुद्ध पाण्यात गेली की तिच्यावरचा भारही घटतो, कारण सुटलेले प्रोटॉन पुन्हा पृष्ठभागावर बसतात. अशा वेळी सोडियम हायड्रॉक्साइडचं फार विरळ द्रावण थेंबाने घालून एकूण प्रमाण लिटरमागे दोन अंकी मायक्रोमोलपर्यंत न्यावं. भार वाढतो आणि स्फटिक उगवतो. जास्त झालं तर तेच मीठ म्हणून नडतं. एक थेंब, हलवा, थांबा, बघा.

तिसरी पायरी: पाण्यातून प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये

पाण्यातच घट का भरत नाही? १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन सुरू होऊ शकतं. बुडबुडे येतात, नवे आयन तयार होतात, स्फटिक उद्ध्वस्त होतो. प्रॉपिलीन कार्बोनेट तीन-चार व्होल्ट सहन करतं, २४२ अंशांना उकळतं म्हणून उडून जात नाही, आणि त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ६४ च्या आसपास असल्याने सिलिकाचा भार त्यातही टिकतो.

रेझिनचे मणी गाळून काढा. गोळे सेंट्रिफ्यूज करून शुद्ध इथेनॉलमध्ये दोनदा घ्या, म्हणजे पाणी निघून जाईल. या इथेनॉलमधल्या द्रवाचा एक मिलिलिटर तोललेल्या वाटीत वाळवून वजन करा. मिलिलिटरमागे किती सिलिका आहे ते कळतं. आता हिशेब: १२ टक्के आकारमानाच्या एक मिलिलिटर मिश्रणाला ०.२४ ग्रॅम सिलिका आणि ०.८८ मिलिलिटर प्रॉपिलीन कार्बोनेट लागतं. तेवढी सिलिका असलेलं इथेनॉलचं द्रव आणि तेवढं प्रॉपिलीन कार्बोनेट एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर इथेनॉल काढून टाका. प्रॉपिलीन कार्बोनेट आधी मॉलिक्युलर सीव्हवर (ओल शोषणाऱ्या मण्यांवर) दोन दिवस ठेवून कोरडं केलेलं असावं. ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर झाकण उघडं ठेवून बोलत उभं राहू नये.

उरलेलं द्रव मधापेक्षा खूप पातळ पण पाण्यापेक्षा दाट वाटतं. बाटलीमागे काळा कागद धरा. नारिंगी झळाळी दिसली पाहिजे. लालसर असेल तर मिश्रण विरळ आहे, हिरवं असेल तर दाट. थेंबाथेंबाने नीट करा. सिलिका आणि या द्रवाचे अपवर्तनांक जवळजवळ असल्याने मिश्रण दुधाळ न दिसता बऱ्यापैकी पारदर्शक दिसतं. रंग फिका वाटतो, पण शुद्ध असतो.

चौथी पायरी: घट

आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक वीजवाहक) लेप दिलेल्या दोन काचा घ्या, २ × ३ सेंटिमीटर पुरतात. साबणाचं पाणी, डीआयोनाइज्ड पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात दहा मिनिटं अल्ट्रासोनिक बाथ. लेप कुठल्या बाजूला आहे ते मल्टिमीटरने बघा. वाहक बाजूला ओहममध्ये दोन अंकी आकडा दिसतो, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाहक बाजू आत.

दोन्ही लांब कडांना कॅप्टॉन टेपची (पॉलिइमाइड प्लास्टिकची) बारीक पट्टी लावा, ५० ते ६० मायक्रोमीटर जाडीची. दुसरी काच वर ठेवा, पण अर्धा सेंटिमीटर सरकवून, म्हणजे दोन्हीकडे तारा जोडायला जागा राहील. बाइंडर क्लिपने दोन्ही बाजू धरा. उघड्या तोंडाशी पिपेटने द्रव सोडा. केशाकर्षणाने ते आपोआप आत ओढलं जातं. पूर्ण घटाला २० ते ४० मायक्रोलिटर लागतं, एका थेंबाइतकं. एवढी धुण्याची मेहनत शेवटी एका थेंबासाठी! बुडबुडा अडकला तर काच जरा तिरकी करून दुसऱ्या तोंडातून निघू द्या. मग कडा इपॉक्सीने बंद करा. प्रॉपिलीन कार्बोनेट स्वतः चांगलं विद्रावक आहे, काही चिकटद्रव्यं त्यात मऊ पडतात, म्हणून वापरायचं इपॉक्सी आधी एका थेंबात दिवसभर ठेवून तपासा.

बाहेर आलेल्या कडांना तांब्याची टेप लावा. आणि मागच्या काचेच्या बाहेरून काळा कागद चिकटवा. हे विसरू नका. घटात सुमारे अडीचशे थर आहेत, तरी बराच प्रकाश आरपार जातो. मागे पांढरी भिंत असेल तर तो परत येऊन रंग धुऊन टाकतो. पुष्कळ जण इथे निराश होतात आणि गोळ्यांना दोष देतात.

पाचवी पायरी: वीज द्या

समोरच्या, म्हणजे आपण बघणार त्या काचेला धन टोक. मधे मायक्रोअँमीटर जोडा. शून्यावरून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने वर जा, प्रत्येक टप्प्यावर दहा सेकंद थांबा.

अर्ध्या व्होल्टला बहुधा काही दिसत नाही. एक-दीडच्या दरम्यान नारिंगीत पिवळा उतरतो. दोनला हिरवा येतो, आणि तो कडेपासून आत येत नाही, सगळ्या काचेवर एकदम चढतो, जणू कुणी मागून दिवा बदलला. तीनला निळा. आता टोकं उलटी करा. समोरच्या काचेजवळचे गोळे मागे पळतात, तुमच्या बाजूचा रंग लालसर होऊन फिका पडतो. मान वळवून मागून बघायचं असेल तर काळा कागद काढून पुढे लावा: निळा तिकडे सापडेल. हे उलटसुलट वागणं म्हणजे गोळ्यांवर ऋण भार असल्याचा पुरावा.

तीन व्होल्ट ऐकायला कमी वाटतात. पण ५० मायक्रोमीटरच्या फटीवर ते मीटरमागे ६० हजार व्होल्टचं क्षेत्र आहे. घट पातळ ठेवायचं कारण हेच. द्रवात जादा आयन असतील तर ते काचांजवळ जमून हे क्षेत्र गिळतात. धुण्याचं हे दुसरं कारण.

प्रवाहाकडे लक्ष असू द्या. व्होल्टेज बदललं की तो क्षणभर उसळतो आणि खाली येऊन स्थिरावतो. स्थिरावण्याऐवजी चढत गेला तर ताबडतोब शून्यावर या: द्रवात पाणी आहे, विघटन चाललंय. ऋण काचेवर तपकिरी-काळपट छटा आली तर आयटीओ खराब झालं, ती काच पुन्हा वापरू नका.

निळ्याकडे जाणं झटपट होतं, परत येणं रेंगाळतं, कारण जाताना वीज ओढते आणि येताना फक्त आपसातलं ढकलणं. अर्धा तास सलग तीन व्होल्ट ठेवले तर काही गोळे धन काचेला चिकटतात आणि नारिंगी पूर्वीसारखा येत नाही. उलट टोकाने एक व्होल्टचा काही सेकंदांचा झटका दिला की बहुतेक सुटतात. म्हणून सलग ठेवण्याऐवजी दाखवायचं तेवढंच ठेवा.

मोजमापाला फायबर स्पेक्ट्रोमीटर आणि परावर्तन-प्रोब असला तर उत्तम: प्रत्येक व्होल्टला शिखराची तरंगलांबी लिहा, तिला सरासरी अपवर्तनांकाच्या दुपटीने भागा, थरांमधलं अंतर मिळालं. नसेल तर मोबाइल स्टँडवर पक्का बसवून, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून फोटो काढा. ऑटोवर ठेवला तर फोन स्वतःच रंग सुधारतो आणि आकडे निरुपयोगी होतात.

रंग डागाडागांनी बदलत असेल तर फट सगळीकडे सारखी नाही. क्लिप सैल-घट्ट तपासा. रंग सुरुवातीपासून मळकट असेल तर गोळ्यांची मापं विखुरलेली आहेत, त्याला पहिल्या पायरीशिवाय उपाय नाही.

दुसऱ्या वाटाही आहेत

टोरोंटो विद्यापीठात आर्सेनॉल्ट, ओझिन, मॅनर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. त्यांनी सिलिकाच्या गोळ्यांमध्ये लोहाचे अणू असलेलं एक पॉलिमर भरलं. विजेने लोहातला इलेक्ट्रॉन काढला की पॉलिमर द्रव शोषून फुगतं, गोळे दूर जातात आणि रंग लालकडे सरकतो. व्होल्टेज काढून घेतलं तरी रंग टिकून राहतो, हा मोठा फायदा. पण असं पॉलिमर बनवणं आपल्या साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचं. २०१० च्या सुमारास दक्षिण कोरियातल्या गटांनी द्रवातल्याच गोळ्यांची रचना मुद्दाम अर्धवट विस्कळीत ठेवली, त्यामुळे तिरकं बघितलं तरी रंग बदलत नाही. पडद्यासाठी ते सोयीचं. शिकण्यासाठी मात्र मला आपला नीटनेटका स्फटिकच आवडतो, कारण त्यात कोनाचा परिणामही डोळ्यांनी दिसतो.

पांढरा रंग या घटातून मिळणार नाही, हेही आधीच समजून घ्या. एका वेळी एकच पट्टा परत येतो. काळा मिळवता येतो: दाटी इतकी वाढवा की परावर्तन अतिनीलमध्ये जाईल, मग मागचा काळा कागदच दिसतो.

अक्षर उमटवायचं असेल तर

पहिला घट नीट चालला की समोरच्या काचेवर अक्षर काढून बघा. आयटीओवर अक्षराची बाह्यरेखा सोडून बाकी सगळं नेलपॉलिशने झाका. उघड्या रेषेवर जस्ताची पूड पसरा आणि कापसाच्या बोळ्याने विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल लावा, हूडमध्येच, कारण हायड्रोजन सुटतो. काही सेकंदांत रेषेवरचं आयटीओ निघून जातं. काच धुवा, नेलपॉलिश अ‍ॅसिटोनने काढा, आणि अक्षर व बाकीचा भाग यांच्यात मल्टिमीटर काहीच दाखवत नाही ना, हे तपासा.

अक्षराला तार जोडायला एक रेघ काचेच्या कडेपर्यंत न्यावी लागते. देवनागरीत ती आयतीच मिळते: शिरोरेषा डावीकडे थेट कडेपर्यंत ओढायची आणि तिथे तांब्याची टेप लावायची. सुरुवातीला र किंवा ट घ्या. व किंवा ब घेतलात तर पोटातला तुकडा सगळ्यांपासून तुटून पडतो आणि त्याला वीज पोचत नाही. अक्षराला दोन व्होल्ट द्या, आणि समोरच्या काचेचा बाकीचा भाग तरंगता न ठेवता मागच्या काचेला जोडून शून्यावर ठेवा, नाहीतर कडा फिसकटतात. आता बटण दाबा: नारिंगी पाटीवर हिरवा ट.